मुंगीचा गुडघा

९ फेब्रुवारी

आज गुडघे फोडण्याचा दिवस होता.

लोखंडी खांबाच्या खोबणीतून वजन सोडायचे. ते खाली ठेवलेल्या मेंढीच्या गुडघ्यावर आदळते आणि कूर्चेला, म्हणजे हाडाच्या टोकावरच्या त्या पांढऱ्या, निसरड्या थराला, आतून इजा होते. वरून पुष्कळदा काहीच दिसत नाही. तीच अडचण आणि तोच आमचा विषय. आमची प्रकाशशलाका ही पेन्सिलीहून बारीक दांडी आहे. तिच्या टोकातून डोळ्यांना न दिसणारा प्रकाश कूर्चेत शिरतो, काही आत मुरतो, काही परत येतो, आणि परत आलेल्या प्रकाशावरून यंत्र शंभरपैकी एक आकडा देते. ऐंशीच्या वर म्हणजे कूर्चा निरोगी. साठाच्या खाली म्हणजे झिजलेली. कापायचे नाही, टोचायचे नाही, तुकडा काढायचा नाही. मात्र यंत्राला इजा ओळखायला शिकवायचे, तर आधी कोणीतरी इजा करावी लागते. ते काम मी स्वतःकडे घेतले आहे.

माझ्या सहाध्यापिका म्हणाल्या, "सर, वजन अर्ध्या उंचीवरून सोडायचं ठरलं होतं ना? तुम्ही पार वर नेताय."

तीव्र इजेचेही नमुने हवेत, असे मी सांगितले. शास्त्रदृष्ट्या ते योग्यच आहे. हाड फुटल्याचा आवाज शेजारच्या वर्गात ऐकू जातो अशी तक्रार आली, तेव्हा दार लावून घेतले आणि पुढे चालू ठेवले.

पत्नी गेल्यापासून दिवसाचा वृत्तान्त ऐकायला घरात कोणी नाही. तो कोठेतरी सांगितल्याशिवाय झोप येत नाही, म्हणून लिहितो.

१२ फेब्रुवारी

सकाळी किटलीचे झाकण सापडेना. ओटा, फडताळ, मोरी, सर्व पाहिले. शेवटी किटली भिंतीवर फेकली. ती खाली पडल्यावर लक्षात आले की झाकण माझ्या डाव्या हातातच होते. भिंतीचा वाटीएवढा गिलावा निघाला आहे. पन्नाशी उलटलेल्या मनुष्याला हे शोभत नाही.

संध्याकाळी मुंगी आली. मुंगी म्हणजे आमची एकुलती कन्या. जन्मली तेव्हा इतकीशी होती म्हणून तिच्या आईने हे नाव ठेवले. आता सव्वीस वर्षांची आहे, खांदे माझ्याहून रुंद, आणि उपजीविका किकबॉक्सिंग. माणसे तिकिटे काढून येतात आणि "मुंगी, चाव!" असे ओरडतात म्हणे. आज डावा डोळा पूर्ण मिटलेला, ओठ फाटलेला.

"कोणी केले हे?"

"बाबा, आधी तिचं तोंड बघा, मग मला विचारा."

"यात अभिमान वाटण्यासारखे काय आहे?"

"अभिमान कसला? भूक लागलीय. काही आहे का खायला?"

काही नव्हते. तिने भिंतीकडे पाहिले, मग किटलीच्या पोचा आलेल्या पोटाकडे पाहिले.

"हे काय झालं?"

"चहा सांडला."

"भिंतीवर सांडला?" मी किटली फडताळात ठेवली. जाताना उंबऱ्यातून म्हणाली, "जिमला या एकदा. तिथे पिशवी टांगलेली असते. तिला कितीही हाणली तरी गिलावा निघत नाही."

मी हा खेळ आजवर पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

२० फेब्रुवारी

गुडघे आणायला स्वतः कत्तलखान्यात गेलो. शिपायाला पाठवता आले असते. साखळीचा खडखडाट, उलट्या लटकलेल्या मेंढ्यांची रांग, पाय झाडणे, मग पाय झाडणे थांबणे, पन्हळीकडे वाहणारे लाल पाणी. काम पाच मिनिटांचे होते; मी बराच वेळ उभा राहिलो.

"प्रोफेसर, नुसते गुडघेच नेता," मुकादम म्हणाला. "बाकीच्या मेंढीनं काय घोडं मारलंय तुमचं?"

मी त्याला तक्रार सांगितली. अलीकडच्या नमुन्यांत कूर्चेवर बारीक गोल खळगे आढळतात. तुमच्या माणसांच्या, मेंढी टांगायच्या आकड्याचे टोक लागत असावे. तो हसला. "आमचा आकडा फाडतो साहेब, खळगे नाही पाडत." बेजबाबदार माणसे आपली चूक कधी कबूल करीत नाहीत. चार लोकांसमोर त्याला असे खडसावले की रांग क्षणभर थांबली. परतताना मला हलके वाटत होते.

३ मार्च

मुंगीचा गुडघा गेला.

तिच्या कोचचा दूरध्वनी आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. रुग्णालयात पोचलो तर ती ढकलखुर्चीत, उजव्या पायाला फळी, आणि तोंडाने शिव्या. कोच हा दाराएवढा मनुष्य, कान फुलकोबीसारखे झालेले. त्याने मला मोबाइलवर चित्रण दाखवले. मला पाहायचे नव्हते, पण पाहिले. समोरची उंच मुलगी बाजूने लाथ घालते. ती मुंगीच्या गुडघ्यावर बाहेरून बसते आणि गुडघा आत वळतो, वळू नये त्या दिशेला. मुंगी पडत नाही. एका पायावर उभी राहून ती त्या मुलीला कोपऱ्यात रेटते आणि तोंडावर ठोसे घालत राहते, घालत राहते. भुवई फुटते, रक्त दोघींच्या अंगावर उडते, आणि शेवटी पंच मध्ये पडतो.

"जिंकली!" कोच म्हणाला. "आता ऑक्टोबरात अजिंक्यपदाची लढत. थेट."

"ती चालू शकत नाही," मी म्हटले.

"तोवर पळेल, सर."

मी त्याला खोलीबाहेर जाण्यास सांगितले.

५ मार्च

मुंगीचा मामा, माझा मेहुणा, सांध्यांचा शल्यविशारद आहे. त्याच्या बहिणीच्या मरणात आम्ही दोघे एकाच दालनात बसलो होतो, म्हणून त्याच्याशी बोलणे मला त्यातल्या त्यात सोपे जाते.

तो म्हणाला, "भाऊजी, गुडघ्यातल्या गादीचा कोपरा फाटलाय. दोन भोकं पाडून तेवढा काढायचा, ते किरकोळ. खरा प्रश्न कूर्चेचा. एवढी लाथ बसल्यावर वरून गुळगुळीत आणि आतून मेलेली, असं होऊ शकतं. मला कॅमेऱ्यात फक्त वरचं दिसणार. आतलं तुमच्या टॉर्चलाच दिसतं."

"शलाका," मी म्हटले.

"तेच ते. माणसांवर वापरायची परवानगी तुम्हाला मिळालीय. मुंगी सही करायला तयार आहे. आतून चांगली निघाली तर ऑक्टोबर. झिजलेली निघाली, तर मी स्वतः तिला हातमोजे घालू देणार नाही. चाळिशीत काठी लागेल."

मुंगीचे म्हणणे थोडक्यात होते: "बाबांचं यंत्र जे सांगेल ते. यंत्राशी भांडत नाही मी."

सहाध्यापिकांनी सुचवले की मोजमाप त्यांनी करावे, स्वतःच्या मुलीचे आपण करू नये. मी सांगितले की ही शलाका माझ्या हातातून घडली आहे आणि ती दुसऱ्याच्या हाती देण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

११ मार्च

शस्त्रक्रिया झाली.

मुंगी भूल देऊन निजवलेली. पाय टांगता, गुडघा मिठाच्या पाण्याने फुगवलेला. मामाने एका भोकातून कॅमेरा सारला, दुसऱ्यातून कातरी, आणि फाटका कोपरा कुरतडून काढला. बाकी सर्व पडद्यावर पांढरेशुभ्र, ओले, चकचकीत.

"बघा, काच आहे काच," मामा म्हणाला. "आता तुम्ही."

शलाका मी आत घातली. हात कापू नये म्हणून घट्ट धरली होती. टेकताक्षणी आकडा ऐंशीच्या पुढे दिसला. परंतु तो स्थिर नव्हता, म्हणून तो सोडून दिला. स्थिर झालेला आकडाच ग्राह्य धरायचा हा नियम मीच घातलेला आहे. नीट टेकवून धरली तसा तो उतरत गेला. एकाहत्तर. पासष्ट. साठ.

"भाऊजी, टेकवा हो. खुंटी ठोकताय काय?"

"संपर्क पूर्ण हवा," मी म्हटले.

चोपन्नावर आकडा स्थिरावला. गुडघ्याच्या सर्वाधिक भार येणाऱ्या जागी. शेजारी दोन ठिकाणी घेतले. तेथेही साठाच्या आतच.

मामाने बराच वेळ पडद्याकडे पाहिले. "दिसत तर नाही तसं," तो म्हणाला. "पण दिसत नाही म्हणूनच तुम्हाला बोलावलं."

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिणे भाग आहे. आकडा चोपन्नावर थांबला तेव्हा मला समाधान वाटले. डोळ्यांना जे दिसत नाही ते उपकरण दाखवते, याचे समाधान.

१२ मार्च

मुंगीला मी सांगितले. मामा सांगणार होता. मी म्हटले, हे माझे काम आहे. वाक्ये आदल्या दिवशी तयार केली होती. "कूर्चा आतून झिजली आहे. लढती बंद."

मग उशाशी पाण्याचा स्टीलचा तांब्या होता, तो तिने फेकला. नेम चुकण्याची तिला सवय नाही. माझ्या भुवईवर बसला. मी खाली बसलो तर तिने दुसऱ्या हाताने सलाइनची दांडी उपटली आणि काचेच्या दारावर मारली. दार फुटले. परिचारिका धावत आल्या. एकीला तिने कोपराने ढकलले, दुसरी तिच्या छातीवर आडवी पडली. "सोड मला! सोड! सव्वीस वर्षांची आहे मी!" असे ती ओरडत होती. हातातून रक्त येत होते. माझ्या डोळ्यांत माझे रक्त गेल्यामुळे पुढचे मला नीट दिसले नाही.

मामाने स्वतः मला टाके घातले. "बापलेक एकाच आठवड्यात माझ्या टेबलावर," तो म्हणाला. "ताई असती तर तिनं आधी मलाच बडवला असता."

हा हिंस्रपणा तिच्यात कोठून आला, मला कळत नाही. आमच्या घरात असे कोणी नव्हते.

१५ मार्च

आज मी एका मनुष्याला मारले.

कोच घरी आला होता. चप्पल बाहेर काढली, पाणी घेतले, खुर्चीच्या टोकावर बसला. इतपत सभ्य वागला.

"सर, मशीन चुकत नाही का कधी?"

"नाही."

"म्हणजे, नाही कसं? आमचे पंचसुद्धा चुकतात. परत एकदा बघायचं का? पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलीय. अन्न नाही, पाणी नाही."

"दुःख ओसरेल. गुडघा वाचेल."

"वहिनी असत्या तर त्यांनी नक्की म्हटलं असतं, परत बघा."

"तिचा यात काय संबंध? तिला या प्रकाराचा तिटकारा होता."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "वहिनींना? अहो, एक लढत चुकवली नाही त्यांनी. गळा बसेपर्यंत ओरडायच्या. मागच्या साली पंचाच्या अंगावर चप्पल घेऊन धावल्या, दोघांनी धरल्या तेव्हा थांबल्या."

"शनिवारी ती शिवणवर्गाला जात असे."

"शिवणवर्ग!" तो म्हणाला आणि हसला. वाईट हेतूने नसावा. कदाचित त्या आठवणीनेच हसला असेल.

मी उठलो आणि त्याच्या तोंडावर ठोसा मारला. मग दुसरा मारला. त्याने हात वर केले नाहीत. ओठातून रक्त आले ते त्याने बाहीला पुसले आणि माझ्या मुठीकडे पाहिले.

"सर, अंगठा आत घेतलात. अंगठा बाहेर ठेवायचा असतो. आता मोडला असणार."

मोडला होता. तोच मला त्याच्या गाडीतून मामाकडे घेऊन गेला. वाटेत एवढेच बोलला, "ठोसा वाईट नव्हता, सर. वजन होतं त्यात."

उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. हे डाव्या हाताने लिहीत आहे, म्हणून वेळ लागतो. लिहिता लिहिता एकच विचार येतो. इतकी वर्षे पत्नी शनिवारी कापडाचे तुकडे आणून मला दाखवीत असे, आणि मी म्हणत असे, "छान आहे."

२४ मार्च

माझा हात बंद असल्यामुळे नव्या नमुन्यांचे मोजमाप सहाध्यापिकांनी केले. त्यांचे आकडे माझ्या नेहमीच्या आकड्यांहून वीस-पंचवीसने जास्त. मी म्हटले, तुम्ही शलाका टेकवलीच नाही. त्या म्हणाल्या, टेकवली. मी म्हटले, तुमचा हात कच्चा आहे. त्या म्हणाल्या, "सर, गेल्या वर्षी तुमचे आकडेही माझ्यासारखेच यायचे. बाई गेल्यापासून उतरलेत. मला वाटलं, दिवा जुना झाला असेल. दिवा बदलला. तरी तेच."

मग त्यांनी रसायने तोलायचा काटा आणला आणि त्यावर मेंढीचा गुडघा ठेवला. "डाव्या हाताने का होईना, नेहमीसारखी टेकवा."

मी टेकवली. काट्यावर अडीच किलो. त्यांनी टेकवली, शंभर ग्रॅमसुद्धा नाही.

पुढचे त्यांनी समजावून सांगण्याची गरज नव्हती, तरी त्यांनी सांगितले. भिजलेला स्पंज दाबला की पाणी सरते, तसे कूर्चा दाबून धरली की तिच्यातले पाणी बाजूला पळते, थर बसतो, आणि प्रकाश खालच्या हाडापर्यंत जाऊन परततो. यंत्राला वाटते, थर झिजला. दाबत राहा, आकडा उतरत राहतो. पुरता दबला की स्थिर होतो. आणि मी त्या स्थिर आकड्याची वाट पाहतो.

"मुंगीचा चोपन्न..." त्या म्हणाल्या.

मी नमुन्यांची परात उचलून फेकली. गुडघे फरशीवर घरंगळले, कपाटाची काच फुटली, एक हाड थेट जिन्यापर्यंत गेले. तुम्ही येथून निघा, असे मी ओरडलो. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

"निघते," त्या म्हणाल्या. पाय न हलवता. "पण मुलीला तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन."

२५ मार्च

शांतपणे विचार करता पुढील मुद्दे समोर येतात. मोजमापात दोष होता हे मान्य. परंतु दोषामुळे आलेला निष्कर्ष अनिष्टच आहे असे म्हणता येत नाही. कन्या सुरक्षित आहे. तिच्या डोक्यावर, बरगड्यांवर, गुडघ्यावर यापुढे कोणी लाथ घालणार नाही. वैद्यकात चुकून घडलेल्या उपकारांची उदाहरणे कमी नाहीत.

हे लिहून पुन्हा वाचले. भाषा निर्दोष आहे.

२७ मार्च

मुंगीकडे गेलो. तिच्या खोलीत छताला जाड साखळी आहे. पिशवी काढून टाकली होती, साखळी तशीच. ती लंगडत उठली आणि मला खुर्ची दिली. चहा केला.

"जपून बाबा, गरम आहे."

भुवईच्या टाक्यांविषयी विचारले. अंगठ्याविषयी विचारले. कोणीतरी एका शाळेत खेळशिक्षिकेची जागा आहे म्हणाले होते, तेथे अर्ज केला म्हणाली. खालच्या मजल्यावरच्या पोराने तिच्या दारावर चेंडू मारला, पुन्हा मारला, मारत राहिला. ती काहीच बोलली नाही. एरवी दार उघडून तिने त्याची बोबडी वळवली असती.

शेवटचे तीन दिवस तिची आई अशीच होती. नळ्या लावल्यावर. जो जे करील ते करू देत होती. सुई टोचणाऱ्याला "थँक्यू" म्हणत होती.

चहा अर्धा होता. मी सांगितले. काटा, अडीच किलो, स्पंज, सर्व क्रमाने. आकडा खरा नव्हता. खरा काय असेल ते ठाऊक नाही.

ती मला मारील असे वाटले. मी चष्मा काढून ठेवला होता.

ती म्हणाली, "मामाला फोन लावा."

२ एप्रिल

या वेळी पूर्ण भूल नव्हती. गुडघा तेवढा बधिर केलेला, सुईएवढा कॅमेरा, मुंगी जागी, मान उचलून पडद्याकडे पाहत. शलाका सहाध्यापिकांच्या हातात. मी दाराजवळ उभा होतो. मला पुढे येऊ नका असे कोणी म्हटले नाही, मीच आलो नाही.

"टेकवते," त्या म्हणाल्या. "त्र्याऐंशी."

दुसरी जागा. "शहाऐंशी." तिसरी. "पंच्याऐंशी."

"अरे वा!" मामाने मुंगीच्या पोटरीवर थाप मारली. "भवाने, घोडीचा गुडघा आहे तुझा!"

मुंगी हसली नाही. "मामा, ते गोल काय आहे?"

मामाने कॅमेरा फिरवला. चकचकीत पांढऱ्यावर एक लहान खळगा. कडेला केसाएवढी चीर. अगदी गोल. सहाध्यापिकांनी शलाका बाहेर काढली, तिच्या टोकाकडे पाहिले आणि ती ट्रेमध्ये ठेवली. पुन्हा आकडा घेतला नाही. घेण्याची आवश्यकता नव्हती.

"लाथेने झालंय?" मुंगीने विचारले.

"नाही," मामा म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. "लाथेने काहीच झालेलं नाही."

कत्तलखान्यातल्या त्या माणसाला मी चार लोकांसमोर काय काय बोललो होतो ते मला शब्दशः आठवले.

कड तासून गुळगुळीत करता येईल, मामा म्हणाला. भार येतो नेमक्या त्या जागी आहे हे वाईट. लहान आहे हे चांगले. पाच-सहा महिने नीट व्यायाम केला तर टिकेल. पण शब्द देत नाही. त्या जागी पुन्हा सणसणीत बसली, तर काय होईल हे कोणी सांगू शकत नाही.

"बाबा," मुंगी म्हणाली. "का दाबलंत?"

मी तिला पूर्ण संपर्काचे महत्त्व सांगितले. परत येणारा प्रकाश फटीतून निसटतो, हात स्थिर राहत नाही, नियम असा आहे. तिने सर्व ऐकून घेतले.

"ते कळलं. का दाबलंत?"

मी म्हटले, "तुझ्या आईच्या वेळी सगळे ठरवून झाल्यावर मला आत बोलावले. नळी काढू का, असेसुद्धा कोणी विचारले नाही. येथे मला विचारणार होते."

हे वाक्य मी तयार केलेले नव्हते.

ती टेबलावर उठून बसली. मामा "अगं, हलू नकोस" म्हणतो आहे तोच तिने हात मागे नेला आणि माझ्या छातीवर ठोसा मारला. मी ट्रॉलीवर कोसळलो. कात्र्या, चिमटे, वाट्या सगळे खाली. श्वास येईना. मामा तिच्यावर ओरडला, सहाध्यापिका माझ्याकडे धावल्या. मुंगी हातावरचे मिठाचे पाणी पुसत म्हणाली, "अर्ध्या जोराने मारलाय. मामा, तास ती कड."

मग मला म्हणाली, "ऑक्टोबरात मी उभी राहणार. तुम्ही यायचं. माझ्या कोपऱ्यात, स्टुलाच्या मागे बसायचं. दुसरं काही बघायचं नाही. या गुडघ्याकडे बघायचं. सगळा वेळ. मान फिरवलीत तर तुमचं तोंड पुन्हा पाहणार नाही."

मी "बरे" म्हटले.

१९ ऑक्टोबर

गेलो होतो.

दालनात हजार-दोन हजार माणसे असावीत. कोचने मला स्टुलामागे बसवले, हातात बर्फाची बादली दिली. "सर, नुसते बसू नका, ही धरा," म्हणाला. घंटा झाली आणि मी तिच्या उजव्या गुडघ्याकडे पाहू लागलो.

प्रतिस्पर्धी मुलगी मला केवळ नडगीच्या रूपाने ठाऊक आहे. लांब नडगी, घोट्यावर पांढरी पट्टी. तिला गुडघ्याची वार्ता असावी. पहिलीच लाथ तेथे आली. मुंगीने पाय वळवला, ती मांडीवर बसली. मांसावर मांस आपटल्याचा आवाज मला बादलीत जाणवला. पुन्हा आली. पुन्हा. चौथी बाजूने बसली, गुडघा आत कलला, आणि माझ्या तोंडून काय निघाले ठाऊक नाही. शेजारच्या बाई दचकल्या. गुडघा सरळ झाला. रिंगणाच्या कॅनव्हासवर रक्ताचे थेंब पडू लागले. कोणाचे ते मी वर पाहिले नाही. एकदा मुंगीचा पूर्ण देह जमिनीवर आला. मला दिसला तो टेकलेला गुडघा, त्याखाली कॅनव्हासला पडलेली घडी, आणि पंचाची आकडे मोजणारी बोटे कडेला. पाच, सहा. गुडघा उचलला गेला. लोक "चाव! चाव!" असे किंचाळत होते.

मधल्या विश्रांतीत ती स्टुलावर आली. कोच तिच्या तोंडात पाणी ओतत होता, ती थुंकली ते लाल होते. तो तिच्या कानात ओरडत होता. मी गुडघ्यावर बर्फ ठेवला. नुसता ठेवला. तिने खाली पाहिले, माझ्या हाताकडे.

"धरा की नीट. निसटतोय."

"दाबत नाही."

"बाबा, बर्फ आहे तो. दाबा."

मी थोडा दाबला. घंटा झाली आणि गुडघा उठून गेला.

शेवटच्या फेरीत तो सतत पुढे सरकत होता. एकेक पाऊल. पांढरी पट्टी मागे मागे जात होती, मग दोरापाशी आली, मग तिला मागे जागा उरली नाही. वर काय चालले होते त्याचे आवाज तेवढे ऐकू येत होते. ओल्या पोत्यावर काठी बसावी तसे, अंतर न ठेवता. पट्टीवर लाल शिंतोडे उडाले. त्या नडग्या वाकल्या, सावरल्या, वाकल्या. मग सगळीकडे एकदम माणसेच माणसे, कोचची पाठ, सांडलेली बादली, घंटा वाजतच राहिली. गर्दीच्या पायांमधून मी तो गुडघा शोधला. सुजलेला, सोललेला, थरथरत होता. पण त्यावर ती उभी होती, पूर्ण भार देऊन.

मी मान फिरवली नाही. दालन रिकामे होऊ लागले तेव्हा निकाल काय लागला हे मला शेजारच्या बाईंना विचारावे लागले.

"अहो, होतात कुठे तुम्ही?" त्या म्हणाल्या. "मुंगी जिंकली की!"